सोळाची बेल कोणाची? दारव्हा तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं हे घर. पाच एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन आणि मधे तुरीच्या ओळी. वडील 46 वर्षांचे, वजन 64 किलो. मुलगी 21 वर्षांची, वजन 51 किलो, पोलीस भरतीची तयारी करते. तालुक्याच्या मैदानावर मी भरतीच्या मुलामुलींचा सराव घेतो, तिथली ती. नावं आणि गाव मुद्दामच सांगत नाही.

महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलींसाठी 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15 गुण. गोळा 4 किलोचा. हिचं धावणं चांगलं होतं, पण गोळा अंगात जोर नसल्यासारखा जवळच पडायचा. मैदान लांब, एसटीच्या फेऱ्या मोजक्या, आणि वेचणीच्या दिवसांत सकाळी घरातून निघणंच होत नसे. त्यामुळे घरच्या अंगणात करता येईल असं ताकदीचं साधन हवं होतं. बारबेल आणि प्लेटांना ना जागा होती, ना पैसा. केटलबेल, म्हणजे वर कडीसारखी मूठ असलेलं गोल लोखंडी वजन, हा त्यातला शहाणा पर्याय, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं.

अडलं ते वजनावर. तिनं मोबाईलवर 2, 4 आणि 6 किलोचा गुलाबी रंगाचा 'लेडीज सेट' पाहून ठेवला होता. वडिलांचं म्हणणं अगदी उलट. कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे हातात होते आणि घ्यायचंच तर एकदाच दमदार घ्यावं, असा त्यांचा विचार. ते मला म्हणाले, "मले सोळा किलोनं काय होते, सर? पन्नास किलोचं पोतं एकटा ट्रॅक्टरवर टाकतो मी. तिले लहानवालं आणा, माह्यासाठी चोवीसचं पाहा."

दोघंही वजन स्वतःकडे पाहून ठरवत होते. ती 'मुलगी' म्हणून, ते 'पोतं उचलणारा माणूस' म्हणून. मी त्यांना एवढंच म्हटलं की आधी दोघंही मैदानावर या, पैसे खिशातच राहू द्या.

पोत्याचा हिशेब इथे का चालत नाही

वडिलांची शंका खोटी नव्हती. शेतकरी माणूस खरंच भारी वजन उचलतो, आणि गावात जुन्या तालमीच्या आठवणी अजून आहेत. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मुद्गल, गदा, मल्लखांब हे आमच्या भागाला परकं नाही. पण मुद्गल फिरवणाऱ्या जुन्या माणसाला विचारा, तो पहिल्या दिवशी कोणाच्याही हातात सर्वात जड जोडी देणार नाही.

पोतं एकदा उचलायचं, खांद्यावर टेकवायचं, टाकायचं आणि मग दम घ्यायचा. केटलबेलच्या स्विंगमध्ये तीच बेल लागोपाठ दहा वेळा छातीपर्यंत वर जाते आणि पायांच्या मधून मागे जाते. वर जाताना ती क्षणभर हलकी वाटते. खाली येताना मात्र तिला अडवावं लागतं. शाळेत शिकलेला लंबक आठवा. दोरीला बांधलेलं वजन आडव्या पातळीवरून सोडलं, तर अगदी खालच्या बिंदूला दोरीवरचा ताण त्या वजनाच्या तिप्पट होतो. माणूस म्हणजे दोरी नव्हे. खांदे हलतात, कंबर मागे जाऊन थोडा वेग गिळते, त्यामुळे आकडा तंतोतंत तिप्पट येत नाही. पण अंदाज बांधायला पुरतो: 16 किलोची बेल खालच्या टोकाला 48 किलोच्या जवळपास ओढू शकते, 24 ची 72 च्या. तेही दर दीड-दोन सेकंदांनी, कंबरेत वाकलेल्या स्थितीत.

हे सांगितल्यावर वडील थोडे शांत झाले. पटलं नव्हतं, पण प्रश्न कळला होता.

मैदानावरची सकाळ

माझ्याकडे सरावासाठी 6, 8, 12, 16 आणि 24 च्या बेल आहेत. दोघांना बोलावण्याआधी वडिलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब मोजून यायला सांगितलं. चाळिशी ओलांडलेल्या, कधीच तपासणी न केलेल्या माणसाला मी हे सांगतोच. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो, आणि वजन जितकं जास्त तितका श्वास रोखण्याचा मोह जास्त. त्यांचा वरचा आकडा 150 च्या पुढे निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, व्यायामाला ना नाही म्हटलं. पण डोक्यावर वजन नेणं काही आठवडे थांबवायला सांगितलं. म्हणजे बेल निवडण्याचा पहिला निर्णय लोखंडानं नाही, रक्तदाबाच्या पट्ट्यानं घेतला.

आधी लाठी पाठीवर उभी धरून वाकायला लावलं. लाठी डोक्याचा मागचा भाग, पाठ आणि माकडहाड या तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली पाहिजे आणि मागे जायचं ते कंबरेतून. मुलीला हे पहिल्याच खेपेला जमलं. वडिलांना वेळ लागला, कारण आयुष्यभर निंदण-डवरणीत पाठ गोल करून वाकायची सवय. त्यांची कंबरदुखीची तक्रारही तिथलीच, असं माझं मत झालं. पायाला मुंग्या येत नव्हत्या, दुखणं मांडीखाली उतरत नव्हतं. तसं असतं तर मी पुढे गेलोच नसतो.

वडिलांनी 24 ची बेल जमिनीवरून उचलून ठेवणं, म्हणजे डेडलिफ्ट, दहा वेळा सहज केलं. चेहऱ्यावर 'पाहा, म्हटलं होतं ना' असा भाव. मग त्याच 24 नं स्विंग. पहिले तीन बरे. चौथ्याला टाचा हलक्या झाल्या, पाठ गोल झाली, बेल गुडघ्यांच्या खाली लोंबली आणि तिनं त्यांनाच पुढे ओढलं. मी थांबवलं. 16 घेतल्यावर दहा स्विंग स्वच्छ झाले, दोन वाक्यं बोलता येतील इतका दमही उरला. तोच माणूस, तीच सकाळ; एका हालचालीला 24 सोपी आणि दुसरीला धोक्याची.

मुलीची चाचणी मला जास्त शिकवणारी वाटते. तिला आधी 6 किलो दिली, तिच्या आवडत्या सेटमधली सर्वात जड. तिनं ती खांद्यानं वर उचलली. कंबर हललीच नाही, कारण गरजच पडली नाही. हलक्या वजनाचा तोटा हाच असतो: हात पुरेसे असले की शरीर हातांनीच काम उरकतं आणि स्विंग कधी शिकतच नाही. 12 हातात आल्यावर खांद्यांना ते जमेना, मग आपोआप कंबर आणि मांड्या कामाला लागल्या. तीच म्हणाली, "सर, यानं हात नाही, मांड्या ओढून राहिल्या." 12 नं दहा स्विंग, 16 नं दहा डेडलिफ्ट, 12 छातीशी धरून आठ बैठका, म्हणजे गॉब्लेट स्क्वॉट. सगळं नीट.

मग एका हातानं डोक्यावर प्रेस, म्हणजे खांद्याशी धरलेली बेल सरळ वर ढकलणं. 8 किलो उजव्या हातानं सहा वेळा, डाव्यानं चार. 12 कुठल्याच हातानं एकदाही नाही. वडिलांची प्रेस त्या दिवशी घेतली नाही.

आता 51 किलोच्या मुलीसाठी 'योग्य वजन' कोणतं म्हणायचं? डेडलिफ्टला 16, स्विंगला 12, प्रेसला 8. तीन उत्तरं, एकच मुलगी. दुकानात किंवा मोबाईलवर 'महिलांसाठी 8, पुरुषांसाठी 16' असा जो ठोकताळा मिळतो तो सुरुवातीची दिशा म्हणून वाईट नाही. पण तो कुठल्या हालचालीसाठी आहे हे कोणी सांगत नाही, आणि माणसं एकच बेल घेऊन तिच्यावरच सगळं करायला जातात. मग प्रेससाठी घेतलेली बेल स्विंगला खेळणं ठरते, किंवा स्विंगसाठी घेतलेली खांदा दुखवते.

काय घेतलं

8, 12 आणि 16. एकूण 36 किलो लोखंड. दोघं एकाच वेळी सराव करू शकतील असा हा हिशेब होता: स्विंगला वडिलांकडे 16 आणि तिच्याकडे 12, प्रेसचा डॉक्टरांचा होकार आला की वडिलांकडे 12 आणि तिच्याकडे 8. तिचं डेडलिफ्ट 16 नं. वडिलांना जड हवं असेल तर एका हातात 12 आणि दुसऱ्यात 16, दर सेटला हात बदलून. त्याहून जड डेडलिफ्टसाठी घरात बारदाना आहे. त्यात लागेल तेवढी माती भरा. चोवीसचे पैसे फक्त त्यासाठी घालवण्यात अर्थ नव्हता.

वडिलांना वाईट वाटलं. चोवीसची बेल ओसरीत दिसली असती तर गावात चार लोकांनी विचारलं असतं, हेही कारण होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

बाजारात हे 16, 24, 32 चे आकडे कुठून आले, असं मुलीनं विचारलं. केटलबेल रशियातली. तिथलं जुनं माप पूड, म्हणजे 16.38 किलो. एक पूड, दीड पूड, दोन पूड यांचेच पुढे 16, 24 आणि 32 झाले. म्हणूनच काही दुकानांत 16 नंतर थेट 24 दिसते. हा इतिहास रशियन गड्यांच्या सोयीचा. 51 किलोच्या मुलीचा त्यात विचार नाही. पुढे आम्ही अडलो ते नेमके अशाच मोठ्या पायऱ्यांवर.

प्रकार निवडताना फार वेळ गेला नाही. सिमेंट-वाळू भरलेल्या प्लॅस्टिकच्या बेल स्वस्त असतात, पण तेवढ्याच वजनाला आकार फुगतो, मनगटावर आदळतात, मुठीवर शिवण असते आणि फरशीवर आपटल्या की तडकतात. स्पर्धेच्या पोलादी बेल सगळ्या वजनांत एकाच आकाराच्या असतात आणि रंगावरून ओळखू येतात: 8 गुलाबी, 12 निळी, 16 पिवळी, 24 हिरवी, 32 लाल. स्पर्धा खेळणाऱ्याला त्या उत्तम. पण मुठीची खिडकी अरुंद असल्यानं दोन हातांनी स्विंग करताना बोटं दाटतात, आणि भावही जास्त. या घरासाठी एकसंध ओतीव लोखंडाच्या, खडबडीत रंग चढवलेल्या बेल ठरल्या. चकचकीत मुलाम्याची मूठ नको, आमच्या घामाला ती धार्जिणी नाही.

वडील अमरावतीहून मोटारसायकलवर घेऊन आले. घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे कापूस मोजायच्या काट्यावर तिन्ही तोलल्या. लोखंड किलोच्या भावानं विकलं जातं, मग मोजून घ्यायला लाजायचं कशाला? 8 आणि 16 ठीक निघाल्या, 12 ची थोडी कमी भरली. चालण्यासारखं होतं. 16 च्या मुठीवर ओतकामाची एक कड राहिली होती, ती कानशीनं घासून काढली; नाहीतर पहिल्याच आठवड्यात तळहाताची सालटी निघाली असती. अंगण शेणानं सारवलेलं, त्यामुळे बेल ठेवायला दुमडलेलं पोतं. सराव अनवाणी.

हिवाळा, आणि अडलेली प्रेस

आठवड्यातून तीन दिवस, वेचणीच्या आधी, पहाटे. दहा स्विंग, दम पूर्ण खाली येईपर्यंत थांबायचं, पुन्हा दहा. सुरुवातीला पाच फेऱ्या. मधे बैठका, प्रेस, आणि शेवटी एका हातात बेल घेऊन अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालणं. हे शेवटचं वडिलांना सर्वात आवडलं. एका बाजूचं वजन शरीराला वाकवू पाहतं आणि पोटाच्या बाजूचे स्नायू त्याला धरून ठेवतात; पाण्याची बादली नेणारीला हे वेगळं सांगावं लागत नाही.

जानेवारीपर्यंत मुलगी 16 नं दहा-दहा स्विंग करू लागली होती. 12 वरून 16 ही वाढ 33 टक्क्यांची. पण कंबर आणि मांड्या हे शरीरातले सर्वात मोठे स्नायू, त्यांना ती झेपली. मात्र पाचव्या फेरीत आधी तिचा हात सुटू लागायचा, मग पाय थकायचे. 16 ची मूठ 12 पेक्षा जाड आणि तिचा पंजा लहान. तिथे वजन कमी केलं नाही, फेरीतले आकडे दहावरून सातवर आणले. पकड मागे राहिली म्हणून मांड्यांना हलकं काम का द्यायचं?

वडिलांना डॉक्टरांनी होकार दिल्यावर त्यांनी 12 नं प्रेस सुरू केली, वर नेताना श्वास सोडत. स्विंग ते आता एका हातानं करत होते. हा मार्ग लोक विसरतात. 16 ची तीच बेल दोन हातांऐवजी एका हातानं फिरवली की पकडीवर आणि पाठीवर काम वाढतं, शिवाय शरीर वळू न देण्याचं नवं काम अंगावर येतं. एक रुपया खर्च न करता बेल जड होते.

मुलीची प्रेस मात्र रुतली. 8 किलो दोन्ही हातांनी दहा-दहा वेळा होऊ लागली आणि 12 अजूनही एकदा नाही. इथे साधा हिशेब पाहा. 8 वरून 12 म्हणजे 50 टक्के वाढ. 16 वरून 20 म्हणजे 25 टक्के, 20 वरून 24 म्हणजे 20 टक्के. किलो तेच चार. जो जितका हलका, त्याला प्रत्येक पायरी तितकी उंच. आणि खांदा हा लहान सांधा, तिथले स्नायू लहान; कंबरेनं जी उडी मारली ती खांद्यानं मारावी ही अपेक्षाच चुकीची.

काही उपाय आम्ही केले. 8 ची बेल उलटी, म्हणजे गोळा वर आणि मूठ खाली धरून प्रेस. डगमगणारी बेल सावरताना तेच 8 किलो बरंच अवघड होतं. 12 ची बेल गुडघ्यांच्या झटक्यानं वर न्यायची आणि पाच मोजत सावकाश खाली आणायची. उतरवताना स्नायू जास्त भार पेलतो, त्याचा हा फायदा. यानं फरक पडला. मार्चमध्ये उजव्या हातानं 12 एकदा वर गेली, पण कंबर मागे वाकवून, फासळ्या पुढे काढून. मी ती मोजली नाही. ती थोडी रुसली.

गोळाफेकीबद्दल बोलायलाच हवं, कारण सुरुवात तिथून झाली होती. गोळा आता पूर्वीपेक्षा पुढे पडतो. त्यातलं किती श्रेय बेलचं, हे सांगताना मी हात आखडता घेईन. याच काळात तिनं मैदानावर 4 किलोचा गोळा भरपूर फेकला, पाय टाकण्याचं तंत्र सुधारलं, आणि फेकीचा कोन सुधारला. स्विंगनं कंबरेचा झटका दिला हे मी मानतो. पण नुसत्या केटलबेलवर गोळा लांब जाईल असं सांगून ती विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

दुसरी खरेदी

तूर विकली गेली तेव्हा घरात पुन्हा थोडे पैसे आले आणि पुन्हा तोच प्रश्न. एकच बेल घेता येणार होती. वडील म्हणाले, आता तरी चोवीस. त्यांचं म्हणणं आता वजनदार होतं, कारण 16 नं ते एका हाताचे दहा-दहा स्विंग नीट करत होते. मुलीनं 10 मागितली. शेजारच्यांनी तिला हसून विचारलं, "सोळा फिरवून रायली तू, मंग दहाची कायले?"

मी 10 च्या बाजूनं होतो. वडिलांकडे पुढे जायला अजून वाटा होत्या: फेऱ्यांमधला आराम कमी करणं, डेडलिफ्टला मातीचं पोतं वाढवत नेणं. शिवाय त्यांच्यासाठी पुढची बेल 24 नव्हे, 20 असायला हवी होती. स्विंगमध्ये 16 वरून 24 ही 50 टक्क्यांची उडी, आणि गोळी चालू असलेल्या माणसाला श्वास रोखायला भाग पाडणारी. मुलीकडे प्रेसमध्ये एकही वाट उरली नव्हती. 8 आणि 12 च्या मधे तिला पायरीच हवी होती. 8 वरून 10 म्हणजे 25 टक्के, 10 वरून 12 म्हणजे 20. भरती तिची आहे, हेही होतंच.

सगळ्यात लहान वाढीवर पैसे घालवणं लोकांना उधळपट्टी वाटते. घरातल्या हलक्या माणसाला बारीक पायऱ्या लागतात आणि भारी माणूस मोठ्या पायऱ्यांवरही चढतो, हे उलटं वाटतं खरं. पण टक्क्यांचा हिशेब वडिलांना लगेच कळला. खताच्या पोत्याचा भाव वाढला की ते याच भाषेत बोलतात.

10 ची बेल अमरावतीत त्या दुकानात नव्हती, मागवावी लागली. दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट झाली. मुलीची आई, जिनं या सगळ्यात आजवर 'आंगण झाडू द्या पहिले' याखेरीज काही म्हटलं नव्हतं, ती 12 ची बेल एका हातात घेऊन अंगणात चालू लागली. तिला शिकवायचं म्हटलं तर ती 12 नं डेडलिफ्टही करते आणि स्विंगला नाही म्हणते. तेही ठीकच आहे. हाडांना भार मिळावा यासाठी पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला डेडलिफ्ट आणि वजन घेऊन चालणं पुष्कळ झालं.

एप्रिल-मेमध्ये उन्हं वाढल्यावर सराव साडेपाचच्या आत संपवायचं ठरलं. दिवसा बेल ओसरीच्या सावलीत. उन्हात तापलेली मूठ हात भाजते. पावसाळ्याची आखणीही करून ठेवली आहे. पेरणीच्या पंधरवड्यात वडिलांनी फक्त चालणं आणि थोडे डेडलिफ्ट करायचे. फवारणीच्या दिवशी काहीच नाही: सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन दिवसभर चालणं हाच एक व्यायाम झाला, आणि 2017 साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. त्या दिवशी दम लागेल असं काम वाढवायचं नाही, हा नियम मी वाटाघाटीला ठेवलेला नाही.

मुलीनं 10 किलो आल्याच्या दिवशी दोन्ही हातांनी पाच-पाच वेळा सरळ वर नेली. 12 साठी आम्ही पावसाळ्याच्या शेवटापर्यंतचा वेळ धरला आहे. 10 नं दहा-दहा होईपर्यंत 12 ला हात लावायचा नाही. वडिलांच्या 20 चा विचार पुढच्या कापसाच्या पैशावर. त्यांनी दुकानदाराला फोन करून 20 आहे का, हे विचारून ठेवलंय.